मुंगीची बॅट

मुंगीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं आबा स्वतःची समजूत घालत. पण राहून जाणं वेगळं आणि टाळणं वेगळं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. राहून गेलेली गोष्ट माणसाला दिवसभर टोचत नाही. हे पत्र टोचत होतं. टेबलावर ठेवलं की त्यांना टेबलाशी बसवत नसे, खणात ठेवलं की खण पुन्हा पुन्हा उघडावासा वाटे, आणि खिशात ठेवलं की बाहेर चष्मा काढायला घातलेल्या हाताला नेमकं तेच लागे.

मुंगी म्हणजे त्यांची नात, लेकीची लेक. जन्मली तेव्हा इतकी एवढीशी होती की आजीने, म्हणजे आबांच्या बायकोने, पाहताक्षणी हे नाव ठेवलं आणि दाखल्यावरचं नाव मग दाखल्यावरच राहिलं. आता ती दुसऱ्या शहरात खेळाडू मुलींच्या वसतिगृहात राहत होती आणि सॉफ्टबॉल खेळत होती. तिथे मुलींचे फोन कपाटात बंद असत. रविवारी आईबापांशी बोलण्यापुरते हातात मिळत. आबांना ती पत्रच लिही. तसंही आबांशी फोनवर बोलणं म्हणजे विहिरीत हाक मारण्यातला प्रकार होता. पलीकडून 'हं' यायचं, तेही उशिरा.

पत्र अगदी लहान होतं. शाळेची ॲल्युमिनियमची बॅट पोचे पडून पडून कामातून गेली आहे. निवड चाचणीच्या आधी प्रत्येकीने स्वतःची बॅट घ्यायची आहे. कोच मॅडम म्हणतात, कॉम्पोझिटची घ्या. त्या एकदाच जाऊन सगळ्यांच्या बॅटी आणणार, नंतर बदलून मिळणार नाही. बाबा म्हणतात जड घे, चेंडू लांब जाईल. मैत्रीण म्हणते हलकी घे, निदान चेंडूला लागेल तरी. मॅडम म्हणतात, तुझी बॅट तू ठरव. आणि शेवटी: 'आबा, तुम्ही एवढं वाचता. एका तुकड्याची घेऊ की दोन तुकड्यांची, आणि लांबी किती, एवढंच सांगा. तुम्ही सांगाल ती घेईन. मोठं पत्र नको, प्लीज.'

तुम्ही सांगाल ती घेईन. काटा होता तो इथे.

आबांची सगळी नोकरी एका मोठ्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात गेली होती. लोक यायचे, विचारायचे, आणि आबा उठून नेमकं कपाट, नेमका खण, नेमकं पान काढून समोर ठेवायचे. अमुक पुस्तकात असं म्हटलं आहे, तमुक पुस्तकात तसं. तुम्हाला काय वाटतं, असं कुणी विचारलंच तर ते चष्मा पुसायला घ्यायचे. एकदा एका गृहस्थाने मुलीचं नाव काय ठेवावं म्हणून विचारलं होतं. आबांनी त्याच्यापुढे नावांची चार पुस्तकं ठेवली, पुढच्या वेळी आणखी दोन. बरीच वर्षं गेल्यावर तो परत भेटला तेव्हा त्याची मुलगी 'बाळी' याच नावाने शाळेत जात होती. आजी हा किस्सा पाहुण्यांना हमखास सांगायची. आबाही हसायचे, पण त्यांना तो कधीच विनोदी वाटला नाही.

उत्तर द्यायचं म्हणजे आधी विषय कळायला हवा, म्हणून आबा जुन्या ग्रंथालयात जाऊन बसले. त्यांना कळलं की सॉफ्टबॉल नावापुरताच मऊ असतो. कमरेखालून हात फिरवून तो असा सणसणीत फेकतात की डोळा मिटून उघडेपर्यंत तो आलेला असतो, म्हणून बॅट किती झटकन फिरते यावर सगळा खेळ. त्यांना कळलं की कॉम्पोझिट म्हणजे कार्बनच्या धाग्यांचे थरावर थर, डिंकासारख्या राळेत घट्ट बसवलेले. धातूची बॅट पहिल्या दिवशी जशी असते तशीच शेवटपर्यंत; ही मात्र नवी असताना आखडलेली असते, आणि काही दिवस बेताबेताने चेंडू मारून, दर फटक्याला पाव गिरकी फिरवून ती मोकळी करावी लागते. एका तुकड्याची बॅट ताठ. दोन तुकड्यांच्या बॅटीत मूठ आणि पुढचा दंडा वेगवेगळे करून जोडलेले, त्यामुळे फटका चुकला तर हादरा सांध्यातच जिरतो. लांबी इंचांत, वजन औंसांत, आणि लांबीच्या आकड्यापेक्षा वजनाचा आकडा जितका कमी तितका तिचा 'ड्रॉप'; उणे दहा, उणे आठ असं म्हणायचं. जितकं जास्त उणं, तितकी हलकी.

एवढं कळल्यावर उत्तर सोपं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. प्रत्येक मताला एक उलट मत सापडलं आणि आबांना दोन्ही पटली. पत्राचा मसुदा आठ पानांवर गेला. त्यात बॅटीचा इतिहास होता, तळटीपा होत्या, आणि दर दुसरं वाक्य 'तथापि'ने सुरू होत होतं. लांबी किती, हे कुठेच नव्हतं.

"मोठं पत्र नको म्हणाली ना पोर?" आजीने चहा ठेवता ठेवता विचारलं.

"हा मसुदा आहे. छोटं करायचं आहे अजून."

"लग्नाच्या वेळी मला बघायला आलात, तेव्हा किती पुस्तकं वाचून आला होतात?"

"तेव्हा वडिलांनी ठरवलं होतं," आबा प्रामाणिकपणे म्हणाले, आणि आजी कपाळाला हात लावून आत गेली.

पंधरवडा असाच गेला. आबांना भीती दोन गोष्टींची होती. एक, आपण सांगू ती बॅट चुकीची निघेल आणि पोरीची निवड हुकेल. दुसरी भीती ते स्वतःलाही नीट सांगत नसत. पत्र जितकं लांबेल तितकी मुंगी विचारायची थांबेल, आणि एकदा थांबली की पुन्हा विचारणार नाही. आजोबांना विचारण्यात अर्थ नाही, हे लहान मुलांना एकदाच कळतं. आबा फिरायला गेले की मधूनच परत फिरत. जेवताना घास हातात धरून बसत. आजीने एकदा त्यांना बाथरूमच्या दारात टॉवेल घेऊन तसंच उभं पाहिलं आणि आत कुणी आहे का म्हणून विचारलं. आत कुणीच नव्हतं.

मग एका सकाळी आबांना सुटका दिसली. लिहायचंच कशाला? बॅट विकत घ्यायची आणि सरळ पाठवून द्यायची. वस्तू हातात पडली की मत द्यायची वेळच येत नाही.

लांबी ठरवायचं कोष्टक त्यांनी उतरवून घेतलं होतं: मुलीची उंची इतकी, तर बॅट इतकी. मुंगीची उंची त्यांच्याकडे होतीच. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर दर सुटीत तिला उभं करून पेन्सिलीने रेघ मारायचा त्यांचा रिवाज होता. आबांनी एक सुतळी घेतली, जमिनीपासून सगळ्यात वरच्या रेघेपर्यंत धरली, तिथे गाठ मारली, आणि ती गुंडाळी खिशात घालून खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले.

दुकान मोठं, उजेडाचं. सगळीकडे जाळ्या, बूट, हेल्मेटं. काउंटरवरच्या बाईंनी आबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भटक्या कुत्र्यांसाठी काठी हवी असेल तर ती पलीकडच्या दुकानात मिळते म्हणून सांगितलं. आबांनी आपल्याला काय हवं ते सांगितलं: जलद गोलंदाजीच्या सॉफ्टबॉलची, कॉम्पोझिटची, दोन तुकड्यांची, उणे दहा. बाईंनी मान हलवून चार बॅटी काढून ठेवल्या. आबांनी खिशातून सुतळी काढली आणि त्यातली एकेक बॅट तिच्याशी लावून पाहू लागले. बाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं की ज्या मुलीसाठी घ्यायची आहे ती बरोबर का नाही. दूर असते, आबा म्हणाले. मग तिच्या हाताची लांबी तरी, असं काहीसं बाई म्हणत होत्या, तेवढ्यात आबांनी बॅट फिरवून पाहिली, आणि मागच्या मांडणीवरच्या टोप्या धडाधड खाली आल्या. टोप्या उचलण्यात तो प्रश्न राहून गेला. तीस इंची बॅट ठरली. एकदा चेंडू मारला की परत घेत नाही, हे बाईंनी पावतीवर बोट ठेवून सांगितलं. आबांनी मान डोलावली आणि सरावाचे चेंडूही घेतले.

घरी आल्यावर बॅट लगेच पार्सल करायची होती. पण पुस्तकातलं ते वाक्य आबांना गप्प बसू देईना: नवी कॉम्पोझिट आखडलेली असते. चाचणी जवळ आली. मुंगीच्या हातात आखडलेली बॅट द्यायची? मोकळी करून पाठवली तर पोर पहिल्या दिवसापासून खेळेल.

"म्हणजे तुम्ही मारणार?" आजीने विचारलं.

"तू टाकशील का चेंडू? बाजूला बसून, हलक्या हाताने."

आजीने पदर खोचला आणि म्हणाली, "स्टूल आणते."

इमारतीच्या मागे गाड्या लावायची मोकळी जागा होती. दुपारी ती रिकामी असे. कपडे वाळत घालायच्या दोरीवर आजीने एक जुनी चादर टाकली, चेंडू अडवायला. ती स्टुलावर बसली आणि तिने पहिला चेंडू टाकला. आबांनी डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू पायाशी पडून लोळत गेला. दुसराही. तिसराही.

"आयुष्यभर मी काही ना काही तुमच्याकडे टाकत आले," आजी म्हणाली, "आणि तुम्ही सोडून देत आलात. निदान हे तरी घ्या."

चौथा लागला. टक्, असा कोरडा, बोथट आवाज झाला आणि चेंडू चादरीच्या खालून निसटून गेला. आबा बॅटीकडे बघत राहिले. मग आठवण होऊन त्यांनी ती पाव गिरकी फिरवली आणि म्हणाले, "टाक."

वरच्या मजल्यावरचा शिंपी खिडकीत येऊन बघू लागला. एरवी कुणी पाहतंय म्हटल्यावर आबा घरात पळाले असते. पण आता त्यांना थांबवेना. दर दुपारी दोघं खाली उतरू लागले. आजी चेंडू टाकी, आबा मारत, मग दोघं मिळून चेंडू गोळा करत. काही फटके मुठीजवळ बसत, काही अगदी टोकाला, आणि क्वचित एखादा बरोबर मधोमध. मधोमध बसला की हाताला काही लागल्यासारखंच वाटत नसे, चेंडू आपला आपण निघून गेल्यासारखा. दिवसागणिक आवाज भरला, आणि चादरीला एक भोक पडलं. आबांना रात्री नीट झोप येऊ लागली. खांदे दुखत होते, पण दुखण्याला कारण होतं. पत्राचा विचार त्यांनी बाजूला ठेवून दिला होता.

मंगळवारी सकाळी बॅट खोक्यात घातली, चिकटपट्टी लावायची तेवढी बाकी होती, आणि लेकीचा फोन आला. आजीने तो आबांच्या हातात दिला. लेक रविवारी मुंगीला भेटून आली होती. बोलण्याच्या ओघात ती तिच्या कपड्यांवर आली. पोरीचं एकही कापड अंगाला येत नाही. मागच्या हिवाळ्यात घेतलेली विजार घोट्याच्या वर गेली. फोटो काढायला शेजारी उभी राहिली तर आईच लेक वाटायला लागली.

आबांनी स्वयंपाकघराच्या चौकटीकडे पाहिलं. सगळ्यात वरची रेघ त्यांच्या हनुवटीपाशी होती. मुंगी शेवटची आली ती दोन वर्षांपूर्वी. नंतरच्या दोन्ही मोठ्या सुट्या शिबिरांत गेल्या होत्या.

"उंची किती आहे तिची?" त्यांनी विचारलं.

"पाच फूट पाच. का हो आबा?"

आबांची नजर चौकटीवरच होती. लेकच पुढे बोलली, आणि आता तिचा आवाज बदलला होता. मॅडम शनिवारी बॅटी आणायला जाणार. सगळ्या मुलींचं आपापलं सांगून झालं आहे. मुंगीने सांगितलेलं नाही. आबांचं पत्र येऊ दे म्हणते. बाप सांगून थकला, ऐकत नाही. काहीच ठरलं नाही तर चाचणीला ती शाळेची पोचे पडलेली बॅट घेऊन उभी राहील. "तुम्ही मला आत्ता सांगा, मी मॅडमना फोन करून कळवते. कुठली?"

"आता उंचीनुसार बघितलं तर बत्तीस," आबा म्हणाले, "किंवा तेहतीसही चालते असं काहींचं मत आहे, तथापि वजनाचा विचार केला तर..."

"आबा. एक सांगा."

आबांचा हात चष्म्याकडे गेला. आजी खोक्यापाशी उभी राहून ऐकत होती.

"लिहून कळवतो," ते शेवटी म्हणाले.

"मग आज टाका. उद्या टाकलंत तर शनिवारच्या आत पोहोचणार नाही." लेकीने फोन ठेवला. रागाने नव्हे, पण ठेवला.

आबांनी खोक्यातून बॅट बाहेर काढली. तीस इंच. पाच फूट पाचच्या मुलीच्या हातात ती लाटण्यासारखी दिसली असती. परत करता येत नव्हती. खाली दोरीवरच्या चादरीला पडलेलं भोक खिडकीतून दिसत होतं. त्यांना वाटलं आजी आता बोलेल. तिने फक्त खोकं उचलून पलंगाखाली सरकवलं आणि म्हणाली, "गाद्या झोडायला झाली."

"मी चौकटीवरच्या मुलीसाठी घेतली गं," आबा म्हणाले. "ती मोठी झाली असेल हे डोक्यातच आलं नाही."

"माझ्या तरी कुठे आलं? मी चेंडू टाकत होतेच ना."

ते टेबलाशी बसले. कोरा कागद घेतला. 'सामान्यतः असे मानले जाते की' असं लिहिलं आणि फाडलं. 'तज्ज्ञांच्या मते' लिहिलं आणि फाडलं. उठून खिडकीपाशी गेले, परत आले. टपालाची पेटी चार वाजता उघडत असे. आजी मधेच येऊन घड्याळाकडे बघून जाई, त्यांच्याकडे नाही.

"चुकलं तर?" आबांनी तिच्या पाठीला विचारलं.

"तर चुकेल. मग चिडून पत्र लिहील ती तुम्हाला. लिहील तर खरी."

आबांनी दोन्ही हात तळवे वर करून टेबलावर ठेवले. बोटांच्या मुळाशी लहान घट्टे आले होते. इतक्या वर्षांत त्यांच्या हातांना पुस्तकांच्या धुळीशिवाय काही लागलं नव्हतं. त्यांना आठवलं की सुरुवातीला बहुतेक फटके मुठीजवळच बसत होते, आणि तरीही तळवा झणझणला नव्हता. हे कुठल्या पुस्तकात वाचलं, असं ते मनात शोधायला लागले, आणि सापडेना. कारण ते कुठे वाचलेलंच नव्हतं. ते त्यांना झालं होतं.

त्यांनी लिहायला घेतलं.

'मुंगी, दोन तुकड्यांची घे. मी आणि आजीने तशी एक मारून पाहिली. फटका चुकला तरी हाताला झिणझिण्या येत नाहीत, आणि सुरुवातीला फटके चुकतातच. माझे तर बहुतेक चुकले. लांबी बत्तीस, उणे दहा. बाबा म्हणतात तशी जड नको. आधी झटकन फिरू दे, लांब जायचं मग बघू. नवी बॅट आखडलेली असते. पहिले काही दिवस बेतानेच मार आणि दर फटक्याला पाव गिरकी फिरव. हे माझं मत आहे. चुकलं तर माझं चुकलं. तू इतकी उंच झालीस हे मला आज कळलं. उत्तराला उशीर केला, त्याचा राग कर, पण लिहीत राहा. आबा.'

पान अर्धंच भरलं होतं. त्यांना वाटलं, एका तुकड्याच्या बॅटीबद्दल निदान एक ओळ हवी. आपण ती मारून पाहिलेली नाही हे सांगायला हवं. पेन कागदावर टेकलं. आजीने हात पुढे करून कागद ओढून घेतला, स्वतःच घडी घातली आणि पाकिटात सरकवला.

"पत्ता घाला," ती म्हणाली.

पेटी कोपऱ्यावर होती. आबा झपाझप निघाले, पण अर्ध्या वाटेत मंदावले. तेहतीस तर नव्हतं ना? कोष्टकात पाच फूट पाच दोन्ही रकान्यांच्या काठावर होतं. पोरीचं वजन तर आपण विचारलंच नाही. परत जाऊन फोन करून वजन विचारलं तर? त्यांची पावलं अडली. मागून आजीच्या चपलांचा आवाज आला. ती दाराला कुलूप लावून मागे निघालीच होती.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग चला."

टपालवाला पेटीशी सायकल टेकवून किल्ली शोधत होता. त्याने आबांच्या हातातलं पाकीट पाहून हात पुढे केला, म्हणजे थेट पिशवीत टाकता येईल. आबांनी मान हलवली. त्याच्या हातात दिलं तर परत मागता आलं असतं. त्यांनी पाकीट फटीत धरलं, क्षणभर बोटांनी तसंच धरून ठेवलं, आणि सोडलं.

टपालवाल्याने पेटी उघडली आणि आतली पत्रं दोन्ही हातांनी पिशवीत ओतली. कुठलं आपलं, ते आबांना दिसलं नाही.